मॉरिशसला मैत्रिणीकडे जाताना: आधी तिचा आठवडा, मग समुद्र

मॉरिशसला जुन्या मैत्रिणीकडे जायचं घाटत असेल, तर तिकिटांचे भाव बघण्याआधी तिला फोन लावा आणि तिचा आठवडा विचारून घ्या. ती कामावर कधी निघते, परत कधी येते, रविवारी घरात काय असतं, दुपारी झोपणारं म्हातारं माणूस घरात आहे का. हॉटेलात उतरणाऱ्याला यातलं काही विचारावं लागत नाही. आपण मात्र कुणाच्या तरी चालत्या घरात जाऊन राहणार असतो, आणि समुद्र किती आणि कसा बघायला मिळणार हे त्या घराच्या वेळांवर ठरतं. मी तिथे जाते ती मैत्रिणीसाठी. किनारा मला तिच्यामुळे कळला, म्हणून सांगतेही त्याच क्रमाने.

पुण्यात शिकत असताना आम्ही हॉस्टेलच्या एका खोलीत होतो. मॉरिशसहून शिष्यवृत्तीवर भारतात शिकायला येणारी मुलं पुण्यातल्या कॉलेजांना नवी नाहीत. ती त्यांच्यातलीच एक. तिचे पूर्वज रत्नागिरीकडून उसाच्या मळ्यांवर गेलेले. तिथल्या सरकारी प्राथमिक शाळांत मुलांना घराण्याची भाषा म्हणून मराठी घेता येते, आणि ती हीच मराठी शिकवते. राहते क्वात्र बोर्नला, म्हणजे बेटाच्या मधल्या पठारावर, किनाऱ्यापासून आत. घरात सासूबाई, नवरा आणि कॉलेजात जाणारा मुलगा. शाळा दुपारी साडेतीनच्या सुमारास सुटते. आमचे सगळे बेत या साडेतीनभोवती बांधलेले असतात.

कधी जावं

मुंबई विषुववृत्ताच्या जितकी उत्तरेला, जवळपास तितकंच मॉरिशस दक्षिणेला. ऋतू त्यामुळे उलटे. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिथे हिवाळा, कोरडा आणि सुखाचा. आपली थंडी म्हणजे त्यांचा दमट उन्हाळा. नोव्हेंबरपासून पुढे एप्रिल-मेपर्यंत चक्रीवादळांचा मोसम धरतात, त्यातही जानेवारी ते मार्च जोर जास्त. वादळाचे इशारे एक ते चार अशा पायऱ्यांनी देतात. पहिल्या इशाऱ्याला घरात मेणबत्त्या, पाणी, बिस्किटं यांची बेगमी होते, आणि तिसरा लागला की कुणी घराबाहेर पडत नाही, बसही बंद. पाहुणे म्हणून गेला असाल तर त्या वेळी यजमान सांगतील तसं वागा. खिडक्यांना फळ्या लावायला हात द्या आणि समुद्र बघायला जायचा विषयही काढू नका.

मैत्रीण शिक्षिका असेल तर जुलै-ऑगस्टमधली शाळेची हिवाळी सुट्टी उत्तम. तोच काळ कोरडा, वादळांची भीती नाही. पण तेव्हा अंधार लवकर पडतो. जूनमध्ये सूर्य पावणेसहाच्या आसपास मावळतो, तेव्हा साडेतीनला शाळा सुटल्यावर किनाऱ्यावर पोचून हाती तास-दीड तास उरतो. डिसेंबरात तोच सूर्य पावणेसातनंतरही असतो. दोघींची रजा एकत्र जमत नसेल तर हा हिशेब आधी करा.

गणेशचतुर्थीची तिथे सार्वजनिक सुट्टी असते. घरात मराठी माणसं असतील आणि ते बोलावत असतील, तर बाकी सगळे हिशेब बाजूला ठेवून त्याच सुमारास जा.

कागद आणि बॅग

हा भाग पटकन उरकते. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता आणि खर्चाला पैसे आहेत याचा पुरावा लागतो. हॉटेलचं बुकिंग नसल्यामुळे मैत्रिणीकडून सही केलेलं साधं पत्र मागवून घ्या: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत ही आमच्याकडे राहणार आहे, पत्ता, फोन. निघण्याआधी ऑनलाइन प्रवास फॉर्म भरायचा असतो, त्यातही हाच पत्ता लिहा. मुंबईहून थेट विमान सहा तासांच्या आसपास घेतं आणि घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे.

ताजी फळं, भाज्या, बिया, रोपं नेऊ नका. बेटावरच्या झाडांना बाहेरची कीड लागू नये म्हणून तिथे हे कडक आहे, आणि ते योग्यच आहे. कडीपत्त्याची जुडीसुद्धा घरी ठेवा. भाकरवडी, चकली, चिवडा असं पाकीटबंद चालतं. फॉर्मवर जे आहे ते लिहायचं. झोपेची किंवा मनावरच्या उपचारांची औषधं चालू असतील तर त्यांना आधी परवानगी लागते, बाकी औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवा. प्लगला तीन चौकोनी पिना असतात, ब्रिटिश पद्धतीच्या.

मैत्रिणीसाठी काय न्यायचं ते तिला विचारू नका, ती काही नको म्हणेल. तिच्या सासूबाईंना फोनवर विचारा. आमच्या घरी दिवाळी अंकांचा गठ्ठा लागतो, वर्षभर शिळे झाले तरी चालतात. मैत्रीण त्यांतली छोटी गोष्ट काढून मुलांना वर्गात वाचून दाखवते. त्याखेरीज घरचा गोडा मसाला, दोन पिशव्यांत बांधून.

आणि एक वस्तू स्वतःसाठी: जाड रबरी तळव्याचे, पाण्यात घालायचे बूट. त्यांचं कारण पुढे येईल.

तिच्या घरात

पहिले दोन दिवस कुठे जायचा बेतच करू नका. बसून बोला. तीस वर्षांचं बोलणं साचलेलं असतं आणि ते गाडीत, रांगेत, फोटो काढता काढता नीट होत नाही. मैत्रीण कामावर गेली की तुम्ही घरातल्या दुसऱ्या माणसांबरोबर असता, तेव्हा त्यांची ओळख करून घ्या. सासूबाईंबरोबर भाजी निवडा. क्वात्र बोर्नचा भाजीबाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो, गुरुवार-रविवार कपड्यांचा. मी शनिवारी पिशवी घेऊन जाते. शेवग्याचा पाला तिथे जुड्यांनी मिळतो, त्याला ब्रेद मुरुम म्हणायचं. भेंडीला लालो म्हणतात आणि लाल भोपळ्याला जिरोमों. एवढं आलं की बाजार करता येतो. विकणाऱ्या बाया क्रेओल बोलतात, हिंदीही बऱ्याच जणींना समजते.

एक संध्याकाळ स्वयंपाक तुम्ही करा. बेसन, तांदूळ, डाळी सगळं तिथे मिळतं, तेव्हा पिठलं-भात होतो, आमटी होते. पैसे द्यायला गेलं तर ती घेणार नाही. किराणा भरा, गॅस सिलिंडर आला की तुम्ही दार उघडा आणि पैसे देऊन मोकळ्या व्हा.

तिची गाडी मागू नका. विमा कुणाच्या नावावर आहे, कोण चालवलेलं चालतं, याच्या अटी असतात आणि मैत्रिणीला नाही म्हणणं जड जातं. गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालवतात, तेव्हा आंतरराष्ट्रीय परवाना काढून भाड्याने घेता येते. मला बस आवडते. तिकीट कंडक्टर आत येऊन देतो, ते उतरेपर्यंत जपायचं, मधेच तपासनीस चढतात. लांबच्या गावांच्या बस संध्याकाळी लवकर संपतात, म्हणून कुठेही उतरताना कंडक्टरला परतीची शेवटची बस विचारून ठेवा. पोर्ट लुईपासून रोझ हिल, क्वात्र बोर्न करत क्युर्पिपपर्यंत मेट्रो आहे. तिचा पहिला टप्पा २०१९ च्या अखेरीस सुरू झाला. शहरांसाठी ती छान, पण किनाऱ्याला जात नाही. टॅक्सीचं भाडं बसायच्या आधी ठरवायचं.

पैशांचं म्हणाल तर मॉरिशसचा रुपया आपल्या दीड-दोन रुपयांच्या घरात धरून चाला. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथे यूपीआय आणि रुपे सुरू झालं, पण बाजारात, बसमध्ये, गाड्यावर रोख लागते.

वारा आणि भिंत

आता समुद्र. माझं माहेर देवगडचं. आम्ही समुद्रावर जायचं ते तिथी बघून. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला आमच्याकडे भरती-ओहोटीत दोन-अडीच मीटरांचा फरक सहज पडतो, आणि कोकणातल्या माणसाचं समुद्राचं सगळं शहाणपण त्याभोवती फिरतं. मॉरिशसला हा फरक अर्ध्या मीटरच्या आसपास. तिथे दोन गोष्टी बघायच्या: वारा कुठून येतोय, आणि प्रवाळाची भिंत कुठे तुटलीय.

वारा वर्षातला बहुतेक काळ आग्नेयेकडून येतो आणि हिवाळ्यात त्याला जोर असतो. त्यामुळे जून ते सप्टेंबर पूर्व किनाऱ्यावर, बेल मारसारख्या सुंदर ठिकाणीही, वाळू अंगाला टोचते आणि पाणी उसळतं. त्याच दिवशी पश्चिमेला फ्लिक आँ फ्लाकला पाणी निवांत असतं, कारण मधला डोंगराळ भाग वारा अडवतो. वायव्येचे त्रू ओ बिश आणि मों श्वाझीसुद्धा बरे. उन्हाळ्यात वारा मऊ झाला की पूर्वेकडे जा. पाऊसही याच वाऱ्याबरोबर येतो. क्युर्पिपला छत्री लागते आणि तिथून खाली पश्चिम किनाऱ्यावर उतरलात की कोरडं ऊन. पठारावर आभाळ भरलेलं बघून बेत रद्द करू नका. मैत्रीण आधी किनाऱ्यावर राहणाऱ्या बहिणीला फोन करून विचारते आणि मग निघते.

आता भिंत. बेटाला जवळपास सगळीकडून प्रवाळाचा वेढा आहे, सुमारे १५० किलोमीटर लांबीचा. किनाऱ्यावर उभं राहिलं की लांबवर पांढऱ्या फेसाची एक रेघ दिसते, लाटा तिथे फुटत असतात. त्या रेघेच्या अलीकडे उथळ, शांत, हिरवट निळं पाणी, ज्याला सगळे लगून म्हणतात. पोहायचं ते इथेच.

मैत्रिणीने मला पहिल्यांदा किनाऱ्यावर नेलं तेव्हा पाण्यात उतरू दिलं नाही. म्हणाली, आधी रेघ बघ. बोट दाखवून ती रेघ तिने डावीकडून उजवीकडे चालवत नेली आणि एका जागी थांबली. तिथे फेस नव्हता. पाणी गडद निळं होतं आणि वरून सपाट, अगदी शांत दिसत होतं. ती म्हणाली, ही सगळ्यात वाईट जागा.

त्याला तिथे पास म्हणतात, म्हणजे भिंतीतलं खिंडार. प्रवाळाला खारं, स्वच्छ पाणी लागतं. नदी जिथे समुद्राला मिळते तिथे गोडं पाणी आणि गाळ येतो, प्रवाळ वाढत नाही आणि भिंत तुटलेली राहते. लाटा भिंतीवरून सतत पाणी आत टाकत असतात. ते पाणी साचून राहू शकत नाही, बाहेर जायला वाट शोधतं, आणि ही वाट म्हणजे पास. म्हणून तिथे पाणी बाहेरच्या खोल समुद्राकडे ओढत असतं. समुद्र जितका खवळलेला, तितकी आत जास्त भर पडते आणि तितकी ओढ वाढते. नदीचं मुख दिसलं की समोर पास असणार असं धरून चालायचं. तामारँला नदी मिळते, तिथे भिंत तुटलेली आहे, म्हणून लाटा सरळ आत येतात आणि सर्फिंग करणारे तिथे जमतात. लहान मुलांना घेऊन पोहायची ती जागा नव्हे.

चुकून ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे जोर लावू नका, दम जातो. उताणं होऊन तरंगा, हात वर करा, आणि बाजूला, फेस दिसतो त्या दिशेच्या उथळ भागाकडे तिरकं सरका.

दक्षिणेला सुईयाकजवळ ग्री ग्री नावाची जागा आहे. तिथे भिंतच नाही. महासागर थेट काळ्या कड्यावर येऊन आदळतो. वर उभं राहून बघा, मन भरेपर्यंत बघा, मला ही सगळ्या बेटावरची सगळ्यात आवडती जागा. पण पाण्यात उतरायचं नाही.

पायाखाली काय आहे

रबरी बूट यासाठी. लगूनच्या तळाशी वाळू आहे असं वरून वाटतं, पण मधे मधे मेलेल्या प्रवाळाचे धारदार तुकडे असतात आणि त्यांच्या आडोशाला काळे, लांब काट्यांचे समुद्री साळिंदर. काटा तळव्यात मोडतो. त्याहून वाईट म्हणजे स्टोनफिश, तिथल्या भाषेत लाफ. हा मासा दगडासारखा पडून राहतो, पाठीवरच्या काट्यांत जहाल विष असतं, आणि पाय पडला तर वेदना सहन होत नाही. सोसेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवून ठेवायचा आणि लगेच हॉस्पिटल. रुग्णवाहिकेचा नंबर ११४, फोनमध्ये आधीच घालून ठेवा. बूट घातलेले असले तरी पाय उचलून टाकू नका, तळावरून सरकवत चाला.

जिवंत प्रवाळावर उभं राहू नका, हात लावू नका, तुकडा उचलू नका. पाणी तापलं की प्रवाळ पांढरं पडतं, आणि हे तिथे पुन्हा पुन्हा घडतं आहे. २०२० मध्ये आग्नेय किनाऱ्यावर वाकाशिओ नावाचं जहाज याच भिंतीवर चढून फुटलं आणि तेल लगूनमध्ये आलं. तेव्हा मैत्रिणीच्या शाळेतल्या बायका, मुलं, शेजारपाजार सगळे कापडाच्या पिशव्यांत उसाचं पाचट भरून तेल अडवायचे लांबलचक बांध शिवत बसले होते. तिच्या बोटांना सुई टोचून टोचून घट्टे पडले होते, ते तिने मला फोनवर दाखवले. आपण पाहुणे जातो त्या समुद्राची या लोकांनी अशी काळजी घेतलेली आहे. उन्हाचं क्रीम चोपडण्यापेक्षा लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा घाला. त्वचा वाचते आणि पाण्यात काही उतरत नाही.

प्रवाळ बघायचं असेल तर ब्लू बेला जा. ते संरक्षित सागरी उद्यान आहे, काचेच्या तळाची होडी मिळते, पोहता न येणाऱ्या सासूबाईसुद्धा बघू शकतात. ब्लू बे विमानतळाजवळ, माएबूरच्या शेजारी. सोमवारी माएबूरचा बाजार असतो. विमान रात्रीचं असेल तर शेवटचा दिवस तिकडेच काढता येतो. मात्र सिलिंडर लावून खोल डायव्हिंग केलं असेल तर विमानाच्या आधी पूर्ण एक दिवस मोकळा सोडा. जवळच ईल ओझ एग्रेत नावाचं छोटं बेट आहे. तिथे मूळचं जंगल पुन्हा उभं करताहेत आणि गुलाबी कबुतरं व महाकाय कासवं दिसतात.

रविवार

रविवार दुसऱ्या कशालाही देऊ नका. दुपारनंतर गावातली बरीच दुकानं बंद होतात आणि सगळं बेट किनाऱ्यावर येतं. फ्लिक आँ फ्लाकला सुरूचं लांबलचक बन आहे. सकाळी नऊच्या आत पोचलं तर सावली मिळते, नंतर नाही. आख्खी बस भाड्याने करून कुटुंबं येतात. सतरंज्या, खुर्च्या, बिर्याणीचं पातेलं, झाडाला बांधलेला आजीचा झोका. आमच्याकडे मी चटण्यांची जबाबदारी घेते. शेजारच्या सतरंजीवरून काही ना काही ताटलीत येतं, तेव्हा आपल्याकडेही द्यायला काही असावं. भाकरवडीचं एक पाकीट मी त्याच दिवसासाठी राखून ठेवते.

दुपारी कुठल्या तरी घोळक्यात सेगा, म्हणजे तिथलं गाणं आणि नाच, सुरू होतो. रावान नावाचं मोठं, चपटं वाद्य असतं, लाकडी कड्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं. वाजवायच्या आधी ते जाळावर धरतात. सुरूच्या वाळक्या काड्यांचा लहानसा जाळ, त्यावर कातडं फिरवत फिरवत तापवायचं, मधेच बोटाने टिचकी मारून ऐकायचं, पुन्हा जाळावर. आपल्याकडे हलगी शेकतात तसंच. कातडं ताणलं की आवाज खणखणीत निघतो. हे गाणं गुलाम म्हणून आणलेल्या माणसांनी जन्माला घातलं आणि २०१४ मध्ये युनेस्कोने त्याची वारसा म्हणून नोंद घेतली. हॉटेलांतही सेगा दाखवतात, पण रविवारी सुरूच्या सावलीत बघा. कुणी हात धरून ओढलं तर नाचा. पाय वाळूवरून न उचलता सरकवायचे असतात, जमतं.

हॉटेलांच्या समोरचा किनारा आपला नाही असं समजून मागे फिरू नका. भरतीच्या रेषेपर्यंतची वाळू तिथे सार्वजनिक आहे. भिंतींमधून जाणारी एखादी अरुंद वाट असते, ती शोधायची. बाकी आराम-खुर्च्या त्यांच्या.

मैत्रीण कामावर असताना

पोर्ट लुईला मेट्रोने जा. वाटेत किंवा पोचल्यावर ढोल पुरी खा. वाटाण्याच्या डाळीचं कोरडं सारण भरलेली मऊ, पातळ पोळी, एकावर एक अशा दोन देतात, त्यात पावट्यासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोची रुगाय आणि मिरचीची चटणी, कागदात गुंडाळून. तिखट आधी विचारून घाला. गातो पिमाँ म्हणजे डाळीचे छोटे तिखट वडे, सकाळी पावात घालून खातात. अलूदा हे सब्जा घातलेलं थंड दूध मध्यवर्ती बाजारात मिळतं. मासे खात असाल तर ऑक्टोपसचा रस्सा सोडू नका.

बंदराजवळ अप्रवासी घाट आहे. २ नोव्हेंबर १८३४ ला अॅटलस जहाजातून ३६ मजूर आले, तेव्हापासून १९२० पर्यंत साडेचार लाखांच्या आसपास माणसं करारावर इथे उतरली. ज्याच्यावरून ती चढली त्या जिन्याला सोळा पायऱ्या आहेत. जागा लहान आहे, तासाभरात बघून होते, पण मैत्रिणीबरोबर एकदा आणि एकटीने एकदा, अशी दोनदा बघा. तिच्यासमोर आपण तिच्याकडे बघत राहतो.

ले मोर्नला मात्र तिच्याशिवाय जाऊ नका. नैर्ऋत्य टोकावरचा हा ५५६ मीटरचा कातळ. पळालेले गुलाम इथे लपून राहायचे. १ फेब्रुवारी १८३५ ला गुलामगिरी संपली. मुक्ततेची बातमी सांगायला आलेल्या शिपायांना बघून पकडायला आले असं वाटलं आणि लोकांनी कड्यावरून उड्या टाकल्या, असं तिथे पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत. पहाटे निघालं तर उन्हाच्या आत चढून खाली येता येतं. वरचा टप्पा हातांनी धरून चढायचा आहे. पाऊस पडून गेला असेल तर पायथ्यालाच थांबा, खालचं लगून तिथूनही दिसतं.

शामारेलची रंगीत माती आणि गंगा तलाव हे एका दिवसात गाडीने होतं. महाशिवरात्रीच्या सुमारास मात्र तलावाकडे चालत जाणाऱ्या भक्तांनी रस्ते भरतात, तेव्हा गाडी घरी ठेवा.

मोकाची वही

तुमची मैत्रीण भारतीय वंशाची असेल तर एक दिवस मोकाच्या महात्मा गांधी संस्थेसाठी ठेवा. करारावर आलेल्या मजुरांची मूळ दप्तरं तिथे आहेत. प्रत्येक माणसाला नंबर दिलेला, त्यापुढे नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, गाव-जिल्हा, अंगावरची खूण, जहाज. काही नोंदींबरोबर फोटोही आहेत. घरातली जन्म-लग्नाची दाखलपत्रं मागे मागे जोडत नेली की त्या नंबरापर्यंत पोचता येतं. अर्ज तिने तिच्या नावाने करायचा, आपण सोबत जायचं.

आपला उपयोग खरा इथे होतो. इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं गावाचं नाव लिहिलेलं असतं, आणि मॉरिशसमध्ये वाढलेल्या माणसाला ते ओळखता येत नाही. कोकणातली गावं माहीत असलेल्याला येतं. आम्ही तिच्या कागदावरचं नाव मोठ्याने वेगवेगळ्या तऱ्हेने म्हणून पाहिलं, मग रत्नागिरी जिल्ह्याचा नकाशा उघडून तालुक्यांवरून बोट फिरवलं, शेवटी देवगडला माझ्या काकांना फोन लावला. त्यांनी दोन गावं सुचवली, त्यांतलं एक खाडीकाठचं. आता महसुलाच्या जुन्या कागदांत तिचं आडनाव कुठल्या गावी लागतं ते काका बघताहेत.

या नोंदीला आता कागद म्हणूनही किंमत आली आहे. २०२४ च्या मार्चमध्ये भारत सरकारने सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांसाठी ओसीआय कार्डाची, म्हणजे परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणाऱ्या कार्डाची, सोय जाहीर केली. त्यासाठी वंशावळ सिद्ध करावी लागते, तेव्हा दाखल्याची प्रमाणित प्रत मागून घ्या, नुसता फोनवरचा फोटो पुरत नाही. तिचा अर्ज भरायला बसा, आणि तिच्या येण्याची तारीखही त्याच बैठकीत ठरवा. तिथल्या शाळांना वर्षअखेरीची मोठी सुट्टी डिसेंबरात असते आणि तेव्हा कोकणात हवा सगळ्यात चांगली. सासूबाईंना बरोबर आणायचं असेल तर खालच्या मजल्यावरची खोली बघा आणि मुंबईहून रात्रीच्या बसऐवजी दिवसाच्या रेल्वेची तिकिटं काढा. ती लवकर संपतात, आरक्षण उघडेल त्याच दिवशी काढायची.